बीजभाषणाला सर्व्हर सांभाळणारा माणूस बोलवा

नागपुरात ‘शिक्षणात ओपन सोर्स’ अशा विषयावर परिषद घ्यायची ठरली की पहिल्याच बैठकीत नावांची यादी निघते. एखादे कुलगुरू, एखाद्या आयटी कंपनीचे उपाध्यक्ष, पुण्या-मुंबईचं एखादं गाजलेलं नाव, आणि जमलंच तर परदेशातून ऑनलाइन बोलणारं कुणीतरी. हे लोक नेमकं काय बोलणार, ते मात्र यादीत नसतं. ‘साहेबांनी वेळ दिला तर विषय तेच ठरवतील’ असं म्हणून बैठक तर्री-पोह्यांकडे वळते. बीजभाषण तिथेच हातचं जातं.

आमच्या मते अशा परिषदेचं बीजभाषण एकाच प्रकारच्या माणसाला द्यावं: ज्याने एखादी मुक्त प्रणाली, म्हणजे जिचा कोड कुणालाही बघता, बदलता आणि वाटता येतो असं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, शाळेत किंवा कॉलेजात निदान तीन वर्षं चालती ठेवली आहे. ती त्याने स्वतः लिहिलेली नसली तरी चालेल. तो फर्डा वक्ता नसला तरी चालेल. तीनच वर्षं का? पहिल्या वर्षी सगळंच चालतं, कारण उत्साह असतो आणि यंत्रं नवी असतात. दुसऱ्या वर्षी ज्याने ती बसवली त्याची बदली होते. तिसऱ्या वर्षी आवृत्ती बदलायची वेळ येते, आणि पासवर्ड नेमका कुणाकडे होता याची शोधाशोध सुरू होते. या तिन्ही वर्षांतून जो गेला आहे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असतं.

प्रचाराचं भाषण आता शिळं झालं आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प १९८३ मध्ये जाहीर केला, लिनस टॉरवाल्ड्स यांचं, विंडोजला पर्याय असलेलं लिनक्स १९९१ मध्ये आलं, ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग १९९८ मधला. हा इतिहास ऐकवायला चाळीस मिनिटांच्या बीजभाषणातली पंधरा मिनिटं सहज जातात, आणि तो कुठेही वाचायला मिळतो. केंद्र सरकारने स्वतःच्या कामकाजात ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण २०१५ मध्येच काढलं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून शिक्षक ज्या ‘दीक्षा’वर जातात, ती ‘सनबर्ड’ या मुक्त स्रोत प्रणालीवरच उभी आहे. म्हणजे सभागृहात बसलेले लोक ओपन सोर्स वापरतच आहेत. त्यांना अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: सोमवारी सकाळी ते बंद पडलं तर फोन कुणाला करायचा?

अभ्यासक्रम ऑनलाइन चालवणाऱ्या मूडलचं उदाहरण घेऊ. मार्टिन डूगियामास यांनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये सुरू केलेल्या या प्रणालीची पहिली आवृत्ती २००२ ची. कोरोनाच्या काळात अनेक कॉलेजांनी ती घाईघाईने बसवली. तेव्हाची दीर्घ मुदतीची, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती ३.९ होती. आज कुणी ती एका उडीत ४.५ वर न्यायला गेलं तर मूडल नकार देतं, कारण ४.५ च्या आधी किमान ४.१.२ असावी लागते. मग ३.९ वरून ४.१ आणि तिथून ४.५ अशा दोन पायऱ्या. त्यात पीएचपीची, म्हणजे मूडल ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं आहे तिची गाठ आहे. ३.९ ही पीएचपी ७.४ च्या पुढे जात नाही आणि ४.५ ही ८.१ च्या खाली चालत नाही. दोन्हींवर चालते ती मधली ४.१. म्हणून जुन्या पीएचपीवर असतानाच ४.१ बसवायची, मग पीएचपी ८.१ करायचं, त्यानंतर ४.५ ला हात घालायचा. क्रम उलटा झाला तर गाडी पहिल्याच पायरीवर अडते.

हात घालण्याआधी तीन गोष्टींची प्रत काढायची: डेटाबेस, मूडलडेटा नावाचं फोल्डर, आणि कॉन्फिगची फाइल असलेलं मूळ कोडचं फोल्डर. डेटाबेसची प्रत सगळेच काढतात. मूडलडेटा मात्र राहून जातं. मग परत उभं केल्यावर विद्यार्थ्यांची नावं दिसतात, गुण दिसतात, पण त्यांनी जमा केलेल्या प्रकल्पाच्या फायली उघडत नाहीत. आणि दर मिनिटाला चालणारं ‘क्रॉन’ नावाचं काम सर्व्हर बदलताना लावायचं राहिलं, तर सूचनांचे ईमेल जाणं बंद होतं. कुठेही चूक दिसत नाही. महिनाभराने प्राध्यापक एवढंच म्हणतात, ‘ते मूडल काही चालत नाही बा.’

बीजभाषणात एवढं बारीक सांगायचं का, असं कुणी विचारेल. सगळं नाही, पण यातली आठ मिनिटं जरूर. कारण परवाना फुकट मिळतो आणि देखभाल फुकट मिळत नाही, हे वाक्य नुसतं उच्चारलं तर सगळे माना डोलावतात. मूडलडेटा विसरल्यावर काय होतं ते ऐकलं, की प्राचार्य परत जाऊन प्रत कोण काढतो ते विचारतात.

ही फक्त कॉलेजांची रड नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फायली आवळणाऱ्या, लहानशा पण जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेल्या साधनात मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. ते साधन वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता, आणि मदतीच्या नावाखाली आलेल्या कुणीतरी त्याचा विश्वास कमावून ते काम साधलं. सांभाळणाऱ्याकडे कुणी बघत नाही, ही या चळवळीची जागतिक दुखरी जागा आहे. मग आपल्या परिषदेत तरी त्याला मागच्या रांगेत का बसवायचं?

आता शाळेकडे येऊ, कारण नागपूरच्या परिषदेत निम्मे लोक तरी शाळांचे असायला हवेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांच्या खोल्यांतली दहा-बारा वर्षांपूर्वीची यंत्रं त्यात बसत नाहीत. त्यावर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती चालते. चार जीबी रॅम असली तर बरी चालते, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी घातली तर यंत्र ओळखू येत नाही. एवढं कोणताही वक्ता सांगेल. पुढे काय बिघडतं, ते सांभाळणाराच सांगेल.

पहिली तक्रार येते ती इंटरनेटची. ‘लिनक्स टाकलं आणि वेबसाइट उघडेनात.’ खरी गोष्ट अशी की मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणाएवढा सेल संपलेला असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत यंत्र बंद राहिलं की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. ब्राउझर सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र तपासतो, आजच्या वेबसाइटचं प्रमाणपत्र त्या जुन्या तारखेला अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून पान अडवतो. एरवी यंत्र इंटरनेटवरून तारीख स्वतःहून दुरुस्त करतं. पण शाळेच्या राउटरने वेळ जुळवणाऱ्या सेवेची वाट अडवलेली असते. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या पहिल्या आठवड्यात हा प्रकार हमखास होतो. उपाय एका सेलचा आहे, दोष मात्र लिनक्सच्या माथी बसतो.

दुसरी तक्रार शाळेच्या कार्यालयातून येते, आणि ती जास्त गंभीर. लिपिकाच्या यंत्रात दहा वर्षांची पत्रं, दाखले, प्रश्नपत्रिका कृतीदेव फाँटमध्ये असतात. तीच फाइल नव्या यंत्रावर लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडली, की ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी पाच रोमन अक्षरं दिसतात. फाइल खराब झालेली नसते. कृतीदेवने ‘म’चा आकार रोमन ई अक्षराच्या जागेवर ठेवला होता, ‘र’चा जे च्या जागेवर, तो फाँट नसला की खालची मूळ अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच दिसेल अशा मान्य पद्धतीत बदलून घ्यायची साधनं आहेत, पण त्यांची दोन ठिकाणी हमखास चूक होते: ऱ्हस्व वेलांटी, जी कृतीदेवमध्ये अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, आणि रफार, जो नंतर टाइप केलेला असतो. जोडाक्षर आलं की दोन्ही भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. म्हणून बदललेल्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत ‘विद्यार्थी’ हा एक शब्द शोधून बघायचा. त्यात वेलांटीही आहे, जोडाक्षरही आहे आणि रफारही. आणि सगळी जुनी फाइल बदलायच्या भरीला पडायचं नाही. जुनं पीडीएफ करून ठेवायचं, नवं युनिकोडमध्ये सुरू करायचं, आणि लिपिकाला इनस्क्रिप्ट हा युनिकोडचा मराठी कीबोर्ड शिकायला महिना-दोन महिने द्यायचे. ज्या शाळेने ते दिले नाहीत तिथे विंडोज परत आलं, हे लिहून ठेवा.

तर वक्ता निवडायचा कसा? अल्पपरिचय मागवू नका. तो सगळ्यांचा सारखाच असतो. त्याऐवजी एक पानभर उत्तर मागा: काय चालवता, किती वर्षं, किती वापरणारे, आवृत्ती कोण बदलतं, मागच्या वर्षी काय मोडलं, आणि काय नाइलाजाने सोडून दिलं. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याने काहीच सोडलेलं नाही, त्याने काही चालवलेलंही नसतं.

मग पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि त्यात एकच परीक्षा पुरते. विचारा: बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ, गणिताचं जिओजेब्रा सॉफ्टवेअर आणि मूडल, या तिघांत फरक काय? पीडीएफ फुकट उतरवता येते, पण हक्क मंडळाकडे राखीव. त्यातला धडा बदलून छापता येत नाही. जिओजेब्रा वर्गात मोफत वापरता येतं, पण व्यावसायिक वापराला अटी वेगळ्या. शिकवणी वर्ग चालवणाऱ्याने त्या वाचायला हव्यात. मूडल जीपीएल परवान्याखाली आहे. चालवा, बदला, वाटा, त्यावर सेवा देऊन पैसेही कमवा. ‘तिन्ही ओपन सोर्सच आहेत’ असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवावा. फुकट आणि मुक्त यांतला फरक ज्याच्या जिभेवर नाही, त्याच्या भाषणानंतर शंभर शिक्षक तोच घोळ घेऊन घरी जातील.

केरळचं उदाहरण उमेदवार कसं सांगतो, तेही ऐका. तिथे आयटी@स्कूल हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, २०१७ मध्ये त्याची ‘काइट’ नावाची सरकारी कंपनी झाली. परवान्यांवर वाचलेल्या हजारो कोटींचा आकडा सांगून टाळ्या घेता येतात. पण केरळ टिकलं ते बचतीमुळे नव्हे. पाठ्यपुस्तक मुक्त सॉफ्टवेअरवर लिहिलं, दहावीची आयटीची परीक्षा त्याच्यावर घेतली, शिक्षकांना त्याच्यावर प्रशिक्षण दिलं, आणि शाळांसाठीची लिनक्सची आवृत्ती स्वतः बांधली. ही सगळी सूत्रं एकमेकांशी जुळवलेली होती. परीक्षेत जे विचारतात तेच वर्गात शिकवतात, एवढं साधं गणित. हे ओळखणारा वक्ता मिळाला तर त्याला पुढच्या वर्षीही बोलवा.

याच्या उलट ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’. २००५ मध्ये निकोलस नेग्रोपोंटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली, आणि तिच्याइतकं जगभर गाजलेलं व्यासपीठ शैक्षणिक तंत्रज्ञानाला क्वचितच मिळालं असेल. आपल्याकडे कर्जतजवळच्या खैराटच्या शाळेत ते लॅपटॉप २००७ मध्ये आले. पेरूमधल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्र चांगलं होतं, सॉफ्टवेअर मुक्त होतं. शिक्षकाने त्याचं काय करायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं.

आक्षेप येतील. पहिला: मोठं नाव नसेल तर सभागृह भरत नाही आणि प्रायोजक मिळत नाही. मोठ्या नावाला जरूर बोलवा. उद्घाटक म्हणून दहा मिनिटं द्या, दीपप्रज्वलन त्यांच्या हस्ते करा, फोटो छापून आणा. बीजभाषण मात्र वेगळं ठेवा. प्रायोजकाला स्टॉल द्या, बोधचिन्ह लावा, व्यासपीठ देऊ नका. ज्या स्मार्ट बोर्डाचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीची फाइल उघडत नाही, त्याच्या विक्रेत्याने मुक्त शिक्षणावर बोलणं म्हणजे उंदराला मांजर साक्ष. पण याचा अर्थ कंपनीतला माणूस वर्ज्य असाही नाही. आज आपण वापरतो तो लोहित मराठी फाँट रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीनेच मुक्त केला. तिथल्या विक्रीप्रमुखाला नको, फाँटच्या तक्रारी सोडवणाऱ्याला बोलवा.

दुसरा आक्षेप खरा आहे: सांभाळणारे लोक अनेकदा कंटाळवाणं बोलतात. त्यावर उपाय भाषणाचा साचा बदलणं. वीस मिनिटं भाषण, पुढची वीस मिनिटं जिल्हा परिषदेच्या एखाद्या शिक्षिकेने विचारलेले प्रश्न. प्रश्न आधी कळवलेले असावेत, उत्तरं नसावीत. आठवडाभर आधी एक तालीम घ्यावी, घड्याळ लावून.

तिसरी अडचण कुणी उघड बोलत नाही. असा माणूस बहुतेक वेळा प्रयोगशाळा सहायक असतो, कंत्राटी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतो, नाहीतर उपशिक्षक. कुलगुरूंच्या शेजारी त्याची खुर्ची ठेवायला आयोजकच बिचकतात. त्याला रजाही सहज मिळत नाही. म्हणून निमंत्रण त्याच्यासोबत त्याच्या प्राचार्यांच्या किंवा शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावेही काढावं, त्यात ‘कर्तव्यावर’ असा उल्लेख असावा, आणि मानधन उद्घाटकाच्या प्रवासखर्चापेक्षा कमी नसावं. खुर्चीचं म्हणाल तर व्यासपीठावर एकच खुर्ची आणि एक माइक ठेवा, बाकी सगळे खाली पहिल्या रांगेत. प्रश्न मिटला.

भाषा मराठी. नागपुरात हिंदी सर्वांना चालते हे खरं, पण शाळेतला संगणक मराठीत अडतो, तर त्याच्यावरचं बोलणंही मराठीत व्हावं. ‘सर्व्हर’, ‘बॅकअप’, ‘पासवर्ड’ यांना प्रतिशब्द शोधत बसायची गरज नाही. केरळहून कुणी इंग्रजीत बोलणार असेल तर वाक्यामागून वाक्य भाषांतर करू नका. चाळीस मिनिटांत वीस मिनिटांचाच मजकूर होतो. त्यापेक्षा भाषणाचं मराठी टिपण आधी छापून प्रत्येक खुर्चीवर ठेवा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकवले ते याच हिशेबाने: पडद्यावर मूळ सॉफ्टवेअर, कानात आपली भाषा.

तारखेचाही बीजभाषणाशी संबंध आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडलेले आणि हॉटेलं भरलेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, एप्रिल-मेमध्ये ऊन. राहतो सप्टेंबर, नाहीतर जानेवारीचा मध्य. आणि वेळ साडेअकराची. नरखेड, भिवापूर, कुहीचे शिक्षक एसटीने अकरापर्यंत पोहोचतात आणि चारला परतीच्या गाडीच्या चिंतेत असतात. दहाचं बीजभाषण शहरातल्या रिकाम्या खुर्च्यांनाच ऐकू जातं.

प्रत्यक्ष दिवशी भाषणाच्या स्लाइड्स ओडीपी (लिब्रेऑफिसचं सादरीकरणाचं रूप) आणि पीडीएफ अशा दोन्ही रूपांत असाव्यात, पीडीएफमध्ये फाँट आत बसवलेला असावा. आदल्या संध्याकाळी पडद्यावर ‘तऱ्हेवाईक’ हा शब्द उमटवून बघा. रफार ‘ह’च्या डोक्यावर गेला असेल तर टाइप करणाऱ्याने साधा ‘र’ वापरला आहे. इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून जे मारला की नुक्त्याचा ‘ऱ’ येतो आणि अक्षर जागेवर बसतं. प्रोजेक्टर जुना असला तर एचडीएमआयवरून व्हीजीएला नेणारा जोड खिशात ठेवा. थेट इंटरनेटवरचं प्रात्यक्षिक नको. कोलिब्री ही धड्यांची मुक्त प्रणाली रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर बसवून इंटरनेटशिवाय दाखवता येतं, पण सभागृहातले दोनशे फोन त्या एका पायच्या वायफायला जोडायला लावले तर ती मान टाकते. पहिल्या दोन रांगांतले पंधरा फोन पुरे. बाकीच्यांसाठी नव्वद सेकंदांचा पडदा-व्हिडिओ तयार ठेवावा. भाषणाचं ध्वनिमुद्रण आणि टिपण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे इतरांना वापरू-वाटू देणाऱ्या तयार परवान्यांपैकी कोणत्या परवान्याखाली खुलं होणार, ते निमंत्रणपत्रातच लिहून वक्त्याची सही घ्यावी. मुक्त तंत्रज्ञानाच्या परिषदेचं भाषण ‘सर्व हक्क राखीव’ म्हणून पडून राहू नये.

शोध परिषदेच्या चार महिने आधी सुरू करा. निवड समितीत पाच जण असावेत आणि त्यातले दोन ग्रामीण शाळेचे शिक्षक. एवढं करूनही तीन वर्षं काही चालवलेलं माणूस सापडलं नाही, तर बीजभाषण रद्द करा. त्या चाळीस मिनिटांत व्यासपीठावर एक जुनं यंत्र ठेवा, मागचं झाकण उघडा, सेल बदला, एसएसडी घाला, लिनक्स बसवायला लावा, आणि ते बसेपर्यंत लिपिकांना प्रश्न विचारू द्या.